पंधरा गिअर आणि एक निरोप

हसायचं तर हसा, पण चहा संपवून हसा. हा किस्सा ऐकताना लोक आधी हसतात, मग मध्येच गप्प होतात आणि कपातला चहा निवून जातो. माझ्या हातून आजवर पुष्कळ गाढवपणा झालाय. कल्याणच्या भंगारवाल्याकडून मी पेडलची जोडी आणली होती, घरी येऊन बघतो तर दोन्ही डाव्या पायाची. ब्रेक लागतो की नाही ते चढावर तपासून उतारावर सुटलोय. पण ते सगळं माझ्या गुडघ्यांवर निभावलं. हे दुसऱ्याच्या बापावर गेलं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही डोंबिवलीला चाळीत राहायचो. मी नुकताच एमआयडीसीत एका कंपनीत क्लार्क म्हणून लागलेलो आणि पहिल्या बोनसमधून ठाण्याला जाऊन माउंटन बाइक घेतली. तिथून चालवतच घरी आणली. जाड गोट्यागोट्यांचे टायर, सरळ दांडीसारखं हँडल, नळकांड्याएवढी जाड फ्रेम. डांबरी रस्त्यावर टायर असे घुमायचे की पुढची माणसं रिक्षा आली म्हणून बाजूला व्हायची.

चाळीत स्वागत झालं. शेजारच्या ताराकाकूंनी चष्मा लावून सायकलीला प्रदक्षिणा घातली.

"मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी नाही. मग दुकानदाराने दिलं काय तुला?"

"काकू, ही डोंगरावर चालवायची सायकल आहे."

"आणि डोंबिवलीत डोंगर कुठे आहे?"

आमचे बाबा दारातून म्हणाले, "मलंगगडावर बदली मागून घेतली असेल त्याने."

एकटे नाना माझ्या बाजूने होते. नाना म्हणजे आमच्या भिंतीपलीकडचे शेजारी. मूळचे खाडीकाठचे कोळी, पण जन्म कारखान्यात फिटर म्हणून गेलेला. रिटायर झाल्यावर पाने, कानशी आणि एक छोटा शिकंजा घेऊन ते गॅलरीत बसायचे, चाळीतले स्टोव्ह आणि पंखे दुरुस्त करायचे. माझ्या सायकलीला मुळात गिअर नव्हते. भंगारातून एक जुना गिअरचा सेट आणून तो बसवायचं खूळ माझं, आणि बसवला नानांनी. लोखंडी पट्टी कापून, घासून, भोकं पाडून त्यांनी तो फ्रेमला अडकवायची कडी बनवली. पुढे तीन, मागे पाच. पंधरा गिअर. चाक डगमगायला लागलं की त्याला आऊट आला म्हणतात, तो आऊटही तेच काढून द्यायचे. दम लागायचा त्यांना. चार स्पोक आवळले की थांबायचे.

"दिल्या," ते म्हणायचे, "पेशंटला रोज ऑपरेशनला घेऊ नये. मधूनमधून चालवावं पण."

नानांना दमा होता. तो खरा होता, पण त्याचं एक वैशिष्ट्य सगळ्या चाळीला माहीत होतं. निवटे खावेसे वाटले की तो वाढायचा. निवटे म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारतात ते मासे. नानांची मुलगी कुसुमताई कोलशेतला दिलेली, अगदी खाडीला लागून घर. मग नानांचा मुलगा विलास निरोप पाठवायचा, बाबांना बरं नाही. दुसऱ्या दिवशी कुसुमताई निवट्यांचं कालवण घेऊन हजर. नाना उठून बसायचे, दोन वाट्या कालवण ओरपायचे आणि संध्याकाळी पुन्हा शिकंज्याला लागायचे. बापलेकीचा तो खेळच होता. ती पण ओळखून होती.

आणि मे महिन्यात एका सकाळी आठ वाजता, हातात चहाची बशी असताना, नाना गेले. या वेळी निवट्यांचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

चाळ जमली. कुसुमताईला कळवायचं कसं? कोलशेतला त्यांच्या आळीत एकाच वाण्याकडे फोन, तो महिनाभर बंद. त्यात कळव्याजवळ वायर तुटून गाड्या सकाळपासून उभ्या. विलास म्हणाला, "मी रिक्षाने जातो."

"रिक्षा शिळफाट्याला अडकेल," मी म्हटलं. "सगळी दुनिया रस्त्यावर उतरलीय. मी जातो सायकलने. दीड तासात पोचतो. एकपर्यंत ताई इथे."

बघा, मला कोणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः पुढे झालो. नानांसाठी काहीतरी करावं असं वाटत होतं, हे खरं. आणि सायकलीने काहीतरी करून दाखवावं असंही वाटत होतं, हेही खरंच. दोन्ही एकाच छातीत होतं आणि कुठलं जास्त होतं ते मी तेव्हा तपासलं नाही.

विलास रडत होता. त्याने माझा हात धरला. "कुसुमला तोंड बघू दे रे बाबांचं. ती आल्याशिवाय नेणार नाही. पण उन्हाळा आहे. चारपर्यंत थांबू, फार तर साडेचार."

ताराकाकू मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "नीट ऐक. मरणाचा निरोप घेऊन गेलं की घरात शिरायचं नाही. पाणी प्यायचं नाही. उंबऱ्याबाहेरून सांगायचं आणि फिरायचं. आणि गेले म्हणून तोंडावर सांगू नकोस, पोरगी तिथेच कोसळेल. म्हणायचं, सीरियस आहेत, लगेच चला. माणसं चेहऱ्यावरून समजतात."

"समजतील ना?"

"न समजायला तू काय हसत सांगणार आहेस का?"

निघालो. शिळफाट्यापर्यंत खरंच सगळं ठप्प होतं. बस, ट्रक, रिक्षा, माणसांनी भरलेले टेंपो. आणि मी कडेच्या खडीवरून, खड्ड्यातून, मातीच्या ढिगावरून सगळ्यांना मागे टाकत चाललेलो. मुंब्र्याच्या चढाला पहिला गिअर टाकला, सायकल कुरकुरलीसुद्धा नाही. बसच्या खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "अबे हिरो, डबल सीट लेगा क्या?" सांगायला लाज वाटते, पण मला मजा येत होती. नाना आठवत होते, डोळे भरत होते, आणि मजा येत होती. माजिवड्याला डावीउजवीकडे न बघता चौक ओलांडला आणि कोलशेतच्या रस्त्याला लागलो. खाडीचा वास आला तेव्हा घड्याळात साडेदहा. दीड तास म्हटलं होतं, बरोबर दीड तास.

तिथवर माझं काही चुकलं नव्हतं, ही एक गोष्ट लक्षात ठेवा. यापुढे माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही.

कुसुमताईचे यजमान, आमचे भावोजी, अंगणात जाळं दुरुस्त करत बसलेले. मी उंबऱ्याबाहेर थांबायचं ठरवलंच होतं. सायकल भिंतीला टेकवली, श्वास घेतला, चेहरा गंभीर केला. तोंड उघडणार, तेवढ्यात भावोजी जाळं टाकून उठले. माझ्याकडे बघितलंच नाही. सायकलीकडे बघितलं.

"आयला, दिलीप. ही तुजी? याला गिअर किती हायत?"

आता मला सांगा. तुम्ही दोन वर्षं एखाद्या वस्तूवर जीव ओतलाय. घरचे हसतात, चाळ हसते. आणि पहिल्यांदा एक माणूस स्वतःहून विचारतो, गिअर किती.

"पंधरा," मी म्हटलं.

"पंधरा? नाय."

"मोजा."

बस. सुटलो मी. मागचं चाक वर उचललं, पेडल फिरवलं, एकेक गिअर टाकून दाखवला. साखळी कशी उडी मारते, मोठ्या चकतीवर गेली की चढ कसा हलका होतो, लहान चकतीवर आली की वेग कसा येतो. भावोजी उकिडवे बसून बघत होते. मग म्हणाले, "एक चक्कर मारू?" मारली. परत आले ते घामाघूम, तोंडभर हसू. मग पुन्हा सीटची उंची कमी करून दुसरी चक्कर. मी त्यांच्या मागे धावत ओरडतोय, "चौथा टाका, चौथा."

आवाज ऐकून कुसुमताई बाहेर आली. "अगो बाई, दिलीप? कवा आलास?"

"ये, ये, बघ," भावोजी म्हणाले. "पंधरा गिअर हायत याला."

"ही कडी नानांनी बनवलीय," मी म्हटलं. "शोरूममध्येसुद्धा अशी मिळणार नाही. परवाच चाकाचा आऊट काढून दिला त्यांनी. हात बघायला पाहिजेत त्यांचे, सूतभर इकडचं तिकडे नाही."

बापाचं कौतुक ऐकून तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. वाकून तिने त्या कडीवरून बोट फिरवलं. आणि ते बोट फिरताना बघून मला एकदम आठवलं, मी कशाला आलोय.

पाऊण तास झाला होता.

चेहरा गंभीर करायला गेलो, पण धावून धावून तोंड लाल झालेलं, वर हसू चिकटलेलं. ताराकाकूंचं एकच वाक्य डोक्यात राहिलं होतं, गेले म्हणू नकोस.

"ताई," मी म्हटलं, "नाना सीरियस आहेत. लगेच चल."

ती हसली. भावोजीही हसले.

"कळलं," ती म्हणाली. "वास लागला वाटतं म्हाताऱ्याला. आजच सकाळी निवटे आणलेत यांनी."

"नाही ताई, खरंच सीरियस आहेत."

"खरंच असते तर तू असा गिअर दाखवत बसला असतास?"

याला उत्तर द्या बघू. एकच उत्तर होतं, ताई, मी गाढव आहे आणि नाना गेले. पण ज्या बाईला आत्ता हसताना बघितलं, तिला हे कसं सांगायचं? म्हटलं, नको, निघू तर दे, वाटेत सांगू.

"बस, कालवण टाकते," ती म्हणाली. "बाबांना गरम नेऊ. तू पण जेवून घे, एवढा सायकल मारत आलास."

"नको ताई, मला पाणीसुद्धा नको."

"का रे? आमच्याकडचं पाणी चालत नाय का तुला?"

गेला दुसरा नियम. पाणी प्यालो. मग आत ये म्हणाली, तर आत गेलो, पहिला नियमही संपला. ताराकाकूंनी सांगितलेल्यातला फक्त एकच नियम मी शेवटपर्यंत पाळला, आणि नेमका तोच मोडायला हवा होता.

तिने मसाला वाटला, निवटे साफ केले. बापाला तिखट झेपत नाही म्हणून त्याचं वेगळं काढलं. भावोजी टेंपो बघायला गेले, कारण सगळ्यांना सायकलीवर नेता येत नव्हतं. टेंपोवाला जेवत होता. मी पाटावर बसलेलो, समोर ताट. तिकडे चाळीत प्रेत पडलंय, म्हणजे एकाही घरात चूल पेटलेली नाही, पोरंबाळंसुद्धा उपाशी. आणि ज्याला निरोप द्यायला पाठवलं, तो इथे कालवणात भात कालवतोय. घास घशाखाली उतरला नाही, असं मी तुम्हाला सांगितलं तर ते खोटं होईल. अठ्ठावीस किलोमीटर आलेलो. भूक लागली होती आणि कालवण फार चांगलं झालं होतं. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

निघायला दोन वाजले. सायकल टेंपोच्या मागे टाकली. पुढे कुसुमताई मांडीवर डबा घेऊन, रुमालात बांधलेला, आणि मधूनमधून हात लावून बघायची, गरम आहे का. वाटेत सांगायचं ठरवलं होतं. माजिवड्याला वाटलं, कळव्याला सांगू. कळव्याच्या पुलावर दीड तास उभे होतो, तिथे वाटलं, मुंब्र्याला सांगू. ती माझ्याशी नानांबद्दलच बोलत होती, लहानपणी त्यांनी तिला तीन चाकी गाडी कशी बनवून दिली ते. मुंब्र्याला ती म्हणाली, "आज मुक्काम करते. पावसाआधी परत येणं होत नाय." मी खिडकीबाहेर बघितलं.

बरीच वर्षं मी त्या पुलाला दोष देत असे. वाहतूक अडकली, आपण काय करणार. पण पूल काही दोनदा भात वाढून घेत नव्हता.

चाळीत पोचलो तेव्हा सहा वाजून गेलेले. टेंपोचा आवाज ऐकून माणसं गॅलरीत आली आणि मी खाली उतरवली काय, तर सायकल. सगळ्यांच्या आधी पोचणारी म्हणून निघालेली, ती सामान म्हणून परत आली.

कुसुमताई दोन पायऱ्या चढली आणि थांबली. दोरीवर ओळीने ओले शर्ट होते. पुरुषमाणसं ओल्या केसांनी बसलेली. घराघरातून फोडणीचा वास येत होता. तिला कोणी काही सांगायची गरज उरली नाही, मरणाचं घर कोणीही ओळखतं. विलास दारात आला आणि तिथेच खाली बसला.

"पाचपर्यंत थांबलो गं," ताराकाकू म्हणाल्या. "बर्फ पण मिळेना. शेवटी घाईने उरकलं, स्मशान चार पावलांवर. दहा मिनिटं झाली परत येऊन."

"गेले कवा?" तिने विचारलं.

"सकाळी आठला."

ती वळली. मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं.

"आठला," ती म्हणाली. "म्हंजे तू आलास तवा बाबा नव्हते."

"नाही, ताई."

"आणि तू भात मागून घेतलास."

तिने डबा माझ्या हातात दिला आणि आत गेली. ती रडली ते मी भिंतीच्या अलीकडून ऐकलं. डबा अजून कोमट होता. त्याचं काय करायचं मला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायचं तोंड नव्हतं. आमच्या बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. एरवी दर वाक्याला टोमणा मारणारा माणूस, त्या दिवशी त्याने माझ्यासाठी आंघोळीचं पाणी काढलं. ते मला जास्त लागलं.

तेराव्याला विलासने मला नानांचा पाना आणून दिला. "बाबांनी सांगितलेलं, हा दिल्याला दे." आता बोला.

सहा महिने मी कोलशेतकडे फिरकलो नाही. मग भावोजींनीच निरोप पाठवला. त्यांनीही तसलीच सायकल घेतलेली, गिअर नीट बसत नव्हते. त्या दिवसाचं एवढं एकच फळ, तेही त्यांना. पाना घेऊन गेलो. दारात कुसुमताई उभी. मला बघितलं, सायकल बघितली आणि हात आडवा केला.

"तिथंच थांब. पाणी देणार नाय. आधी सांग, कोण गेलं?"

"कोणी नाही ताई. भावोजींनी बोलावलंय."

"नक्की?"

"नक्की."

"मग ये आत."

तेव्हापासून हा आमचा रिवाज झाला. मी सायकलीवरून गेलो की तिचा हात आडवा. कोण गेलं? कोणी नाही. मग आत. दिवाळीलासुद्धा. पहिल्या वर्षी त्यात धार होती, मग हळूहळू ती बोथट होत गेली. एकदा तर विचारता विचारता ती हसली. मला वाटलं, मिटलं बुवा.

सात-आठ वर्षांनी मी पुन्हा तसाच सकाळी निघालो. सायकल नवी, नानांची कडी मात्र जपून ठेवलेली. एव्हाना कोलशेतला त्यांच्या घरात फोन आलेला. पण म्हटलं, नको, हा निरोप स्वतःच द्यायचा. वाटेत कुठे थांबलो नाही. अंगणात पोचलो, सायकल भिंतीला टेकवली. कुसुमताईचा हात आडवा, चेहऱ्यावर नेहमीचं मिश्कील हसू.

"थांब. कोण गेलं?"

"बाबा गेले, ताई," मी म्हटलं. "आमचे बाबा. पहाटे पाचला. सीरियस नाही म्हणत. गेले. बारापर्यंत नेणार."

तिचा हात तसाच राहिला. मग तिने तो माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, "पाणी तरी घे." मी म्हटलं, "प्यायचं नसतं ताई." तिच्या डोळ्यांत पाणी, माझ्या डोळ्यांत पाणी. आयुष्यात एक निरोप मी उंबऱ्याबाहेरून, सरळ आणि वेळेवर दिला होता. नाना असते तर म्हणाले असते, आता बसला बघ गिअर.

तेवढ्यात आतून भावोजी बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते मान खाली घालून उभे राहिले. मान खाली घातल्यामुळे त्यांची नजर नेमकी भिंतीशी टेकवलेल्या नव्या सायकलीवर पडली. त्यांनी काही विचारलं नाही, देवाशपथ नाही विचारलं.

आणि मी डोळे पुसत म्हटलं, "एकवीस आहेत, भावोजी."